हवा नाचतेय

नोकरीच्या पहिल्या दिवशी, पहाटे साडेपाचला, वाघोडियाच्या माळावर चार माणसांच्या देखत मला विचारण्यात आलं, की आज लघवी कोणत्या रंगाची झाली.

मी नंदुरबारकडच्या एका लहान गावातला. वडील जिनिंगमध्ये हमाल होते. बडोद्यात एका दूरच्या ओळखीच्या घरी राहून, त्यांच्या मुलांचा अभ्यास घेऊन मी इंजिनिअरिंगची पदवी मिळवली होती. आमच्या घराण्यातली ती पहिली पदवी. त्या सकाळी मी इस्त्रीचा शर्ट घालून आणि खिशाला पेन लावून गेलो होतो.

"चहासारखी की पाण्यासारखी?" समोरच्या गृहस्थांनी पुन्हा विचारलं. आवाजात थट्टा नव्हती. डोक्यावर ओला पंचा, त्यावर खाकी टोप, चैत्रातही सदऱ्याच्या बाह्या मनगटापर्यंत बंद. सायकलच्या कॅरिअरला गोणपाटात गुंडाळलेला माठ बांधलेला.

"मी पाहिलं नाही," मी म्हणालो.

"पदवी घेताना सगळं पाहिलंस, हे नाही पाहिलंस. बस त्या लिंबाखाली. दोन लोटे पाणी पी."

हे आमचे भाऊसाहेब. जमीन मोजणाऱ्या एका खासगी कंपनीतले मुख्य मोजणीदार. त्यांचे आजोबा संस्थानच्या काळात नकाशे काढायचे. घरात मराठी, बाहेर गुजराती आणि संतापले की दोन्ही एकत्र, अशी त्यांची बडोदी बोली होती. आणि होळी पेटली की पुढचे चार महिने ते संतापलेलेच असत.

बडोद्याजवळच्या वाघोडियाला तेव्हा कारखान्यांचे प्लॉट पडत होते. रस्ते आणि गटारं आखायची म्हणजे जमिनीचे चढउतार मोजायला हवेत. एकाने दुर्बिणीपाशी उभं राहायचं, दुसऱ्याने दूरवर स्टाफ धरायचा. स्टाफ म्हणजे आकडे रंगवलेली पुरुषभर उंचीची लाकडी पट्टी. ती हलता कामा नये. दुर्बीणवाल्याच्या डोक्यावर छत्री असते. स्टाफवाल्याच्या डोक्यावर आकाश असतं.

आमचा स्टाफ धरायचा रमण. जवळच्याच गावचा, चाळिशीचा, कमालीचा मिस्कील माणूस. रोज सकाळी भाऊसाहेब त्याला विचारत, "रमण, पेशाब केवो? चा जेवो के पाणी जेवो?" आणि रमण हात जोडून म्हणे, "गंगाजळ, साहेब." मग बाकीचे हसत. पण एखाद्याने खरोखरच 'चा जेवो' म्हटलं, की भाऊसाहेब त्याच्या हातातली वस्तू काढून घेत, आणि तो मनुष्य लिंबाखाली जाऊन बसे. तिथे मिठाची छाश, म्हणजे ताक, असे. ती संपवल्याशिवाय सुटका नव्हती.

त्यांच्या विक्षिप्तपणाच्या कथा ऑफिसात चवीने सांगितल्या जात. खिशात कांदा ठेवणाऱ्याचा कांदा ते काढायला लावत आणि म्हणत, "कांद्याला ऊन लागू नये म्हणून ठेवलायस का? खा तो." नव्या माणसाला पहिले आठ दिवस ते अर्धवेळच काम देत. ऊन अंगवळणी पडायला तेवढे दिवस लागतात, असं त्यांचं म्हणणं. मला याचा फार राग आला होता. मी खानदेशातला. आमच्याकडच्या उन्हात दगड फुटतात. हे बडोद्याचे सुखवस्तू लोक मला काय ऊन शिकवणार, असं वाटलं. मी तसं बोललोही. ते म्हणाले, "चार वर्षं पंख्याखाली बसून पुस्तकं वाचलीस. तुझं खानदेशी ऊन केव्हाच उतरलं."

"घाम आला तर हसा, घाम थांबला तर हाक मारा," हे त्यांचं वाक्य आम्हाला पाठ होतं. रमण ते गुजरातीत करून गाण्यासारखं म्हणायचा.

त्यांचा संताप कंपनीपुरता नव्हता. आमचं ऑफिस बडोद्यात पाणीगेटला होतं. एकदा वैशाखात, भर दीड वाजता, खालून वरघोडा निघाला. नवरदेव घोड्यावर, मागे नटलेली मंडळी, आणि पुढे बँडवाले. बँडवाल्यांच्या अंगात गळ्यापर्यंत गुंड्या लावलेले लाल जाड कोट. भाऊसाहेब जेवत होते. डबा तसाच टाकून ते खाली गेले आणि मिरवणुकीच्या समोर हात पसरून उभे राहिले. मी मागोमाग धावलो. वराच्या बापाला वाटलं, कुणीतरी मयत झालं असावं.

भाऊसाहेब म्हणाले, "मुहूर्त किती वाजताचा?"

"साडेसातचा, सांजे."

"मग आत्ता दीड वाजता कुणाचं लग्न लावताय? त्या कोटवाल्यांचं? का घोड्याचं?"

लोक हसले, काही चिडले. एका पाहुण्याने सांगितलं, काका, बँडवाल्यांना सवय असते. त्यावर भाऊसाहेबांचा जो आवाज चढला तो मी विसरलेलो नाही. सवय असते म्हणणाऱ्याने एक कोट अंगात चढवावा आणि मांडवापर्यंत चालून दाखवावं, असं ते म्हणत राहिले. शेवटी बँडवाल्यांनी कोट काढले, ऑफिसातला माठ खाली आला, घोड्याला बादली मिळाली, आणि नवरदेव शेजारच्या दुकानाच्या पायरीवर मुंडावळ्या बांधून तासभर बसला. मला त्या वेळी लाज वाटली. आपण शिकलेली माणसं, रस्त्यात असा तमाशा काय करायचा, असं वाटलं. आज त्या लाजेची लाज वाटते.

'सवय असते त्यांना.' हे वाक्य मी नंतर किती ऐकलं. ते बोलणारा नेहमी सावलीत असतो.

तर अशा भाऊसाहेबांचा एक नियम मात्र संपूर्ण कंपनीत शास्त्र म्हणून मानला जाई. मार्च ते जून, अकरा ते चार दुर्बीण पेटीत. कारण विचारलं की ते क्षितिजाकडे बोट दाखवत आणि म्हणत, "हवा नाचतेय." तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरते, दुर्बिणीतून स्टाफवरचे आकडे पाण्यात पडल्यासारखे हलतात, वाचन चुकतं, आणि वाचन चुकलं की गटाराचा उतार उलटा होतो. हे मालकांना पटलेलं होतं. मालक कुरकुरत, पण मानत. उलट्या उताराच्या गटाराला सगळेच भितात.

मालकांविषयीही सांगायला हवं. जुन्या कारभारी घराण्यातले, मराठी. मला नोकरी त्यांनी दिली, मांजलपूरला राहायला खोली त्यांनी मिळवून दिली. माझे वडील भेटायला आले तेव्हा त्यांना खुर्ची दिली आणि स्वतः चहाचा कप पुढे केला. वडील गावी जाऊन महिनाभर तेवढंच सांगत होते. अशा माणसासाठी काय करू आणि काय नको, असं मला झालं होतं.

त्या वर्षी काम मागे पडलं होतं. पावसाआधी गटारांच्या पातळ्या द्यायच्या होत्या. मे महिन्यात भाऊसाहेब भाचीच्या लग्नाला नाशिकला गेले. मला पुस्तकात वाचलेलं एक आठवत होतं. हवा नाचते हे खरं, पण स्टाफ जवळ ठेवला, लांब लांब न वाचता तीस-तीस मीटरवर वाचत गेलं, तर ती चूक नगण्य होते. मी रमणला घेतलं. भर दुपारी एका ठरलेल्या खुणेवरून निघालो, जवळजवळ वाचनं घेत माळाला वेढा घातला आणि परत त्याच खुणेवर आलो. सुरुवातीची आणि शेवटची पातळी सारखी आली तर काम बिनचूक. फरक दोन मिलिमीटर आला. मी माळावर एकटाच हसलो. रमण म्हणाला, "साहेब, पास थया?" मी म्हणालो, पास झालो.

सुवाच्य अक्षरात दोन पानं लिहिली, आकृती काढली, आणि मालकांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी ती दोनदा वाचली. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "शिकलेला माणूस ठेवण्याचा हा फायदा." दुसऱ्या दिवसापासून दुपारचं काम सुरू झालं.

भाऊसाहेब नाशिकहून आले, ऑफिसात डोकावले आणि तिथून थेट माळावर. बाराचा सुमार. मी छत्रीखाली दुर्बिणीला डोळा लावून उभा होतो. माझी दोन पानं त्यांच्या हातात होती, मालकांनीच दिलेली. लिंबाखाली बसून त्यांनी ती शेवटपर्यंत वाचली आणि मला हाक मारली.

"हिशोब बरोबर आहे," ते म्हणाले.

मला बरं वाटलं. मी सांगू लागलो की वाचनं जवळ घेतली तर...

"मला माहितेय. तू जन्मला नव्हतास तेव्हापासून माहितेय."

मग त्यांनी सांगितलं. ते नवीन असताना, दुसऱ्या एका कंपनीत, त्यांचा स्टाफ धरणारा माणूस दुपारी पडला आणि संध्याकाळपर्यंत गेला. ते मालकाकडे गेले आणि म्हणाले की दुपारी माणसं भाजतात, काम थांबवा. तो मालक म्हणाला, दुसरा माणूस बघा. नाव विचारलं नाही. पुढल्या आठवड्यात भाऊसाहेबांनी त्याच मालकाला सांगितलं, की दुपारी आकडे चुकतात. तेव्हा मात्र तो खुर्चीतून उठून बाहेर आला, दुर्बिणीला डोळा लावला, आणि काम बंद केलं.

"माणूस चुकला तर दुसरा मिळतो रे भाई. आकडा चुकला तर नाव जातं. म्हणून मी इतकी वर्षं आकड्याच्या आड माणसं बसवली." त्यांनी पानांची घडी घातली. "तू ती पडदी काढलीस. आणि किती छान अक्षरात काढलीस."

त्यानंतर ते मालकांकडे गेले आणि भांडले. काय बोलणं झालं ते मला ऑफिसातल्या कारकुनाने सांगितलं. मालक शांतपणे म्हणत राहिले, भाऊसाहेब, तुमचं वय झालं, या मुलाने सिद्ध करून दाखवलंय, आणि लोकांना सवय असते.

मी जाऊन मालकांना सांगू शकलो असतो, की भाऊसाहेबांचंच खरं आहे. मी गेलो नाही. वडिलांना दिलेली खुर्ची आठवत होती.

दुपारच्या कामाचा चौथा दिवस. रमणने सकाळी नेहमीप्रमाणे 'गंगाजळ' म्हटलं होतं. नऊ वाजता आम्ही दोघांनी मिळून त्याच्या डब्यातला बाजरीचा रोटला आणि लसणाची चटणी खाल्ली होती. एक वाजून गेल्यावर तो गप्प झाला. एरवी तो स्टाफ धरून गाणी म्हणायचा. मला त्या शांततेचं बरंच वाटलं, काम भरभर होत होतं. मग दुर्बिणीत स्टाफ हलू लागला. मी डोळा न काढता ओरडलो, स्टाफ सीधो राख. आकडे भिंगातल्या आडव्या तारेवरून सरकत गेले आणि दुर्बीण रिकामी झाली. मी थोडा वेळ तसाच पाहत राहिलो. दुर्बिणीत नुसती हवा नाचत होती.

डोळा काढला तेव्हा भाऊसाहेब धावत होते. साठीला आलेला माणूस, माठ छातीशी धरून.

रमणची कातडी तव्यासारखी तापलेली आणि कोरडी होती. घामाचा थेंब नव्हता. तो काहीतरी असंबद्ध बोलत होता, मग तेही थांबलं. मी लोटा त्याच्या तोंडाला लावायला गेलो तर भाऊसाहेबांनी माझ्या हातावर फटका मारला. शुद्धीत नसलेल्याला पाणी पाजलं तर ते छातीत जातं, एवढं ते ओरडले आणि रमणचा सदरा फाडला. त्याला छत्रीच्या, म्हणजे माझ्या छत्रीच्या सावलीत ओढलं. माठातलं सगळं पाणी मानेवर, काखेत, जांघेत ओतलं. ओला पंचा माझ्या हातात देऊन म्हणाले, वारा घाल, थांबू नकोस. नकाशाचा पुठ्ठा घेऊन एक जण, पंचा घेऊन मी, असे वारा घालत आम्ही जीपमधून बडोद्याला निघालो. वाटेत दिसेल त्या पाणपोईवर भाऊसाहेब जीप थांबवत आणि रमणवर पाणी ओतून घेत. पाणपोईवरची म्हातारी एकदा म्हणाली, भाई, पिवानुं पाणी छे. भाऊसाहेब म्हणाले, "माजी, ए ज पीवे छे." म्हणजे, हाच पितोय.

दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं की पाणी ओतत आणलं म्हणून माणूस हाती लागला.

मालक संध्याकाळी आले. रमणच्या बायकोला त्यांनी धीर दिला आणि आमच्याकडे वळून म्हणाले, "उपाशी आला असणार. हे लोक काही न खाता कामावर येतात." त्याने माझ्याबरोबर रोटला खाल्ला होता. त्या रोटल्याची चव माझ्या तोंडात होती. मी काही बोललो नाही. भाऊसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि मग भिंतीकडे.

मला वाटलं होतं, आता तरी दुपारचं काम थांबेल. दुसऱ्या दिवशी स्टाफ धरायला नवा माणूस आला. मालकांनी त्याला टोपी दिली होती. एक माणूस मरणाच्या दारात पडलेला, आणि उत्तर काय, तर टोपी.

त्या दुपारी मी लिंबाखाली बसून नवीन कागद घेतला. लिहिलं, की आधीच्या चाचणीत वारा असल्यामुळे निकाल भ्रामक आला. परवा पुन्हा वेढा घेतला असता फरक बारा मिलिमीटर आढळला. दुपारची वाचनं विश्वसनीय नाहीत. मी कुठलाही वेढा घेतला नव्हता. शाळेत असताना एक उत्तर शेजाऱ्याचं पाहून लिहिलं म्हणून वडिलांनी मला मास्तरांपुढे नेऊन उभं केलं होतं, आणि मी पदवी घेऊन माझं पहिलं खोटं लिहीत होतो, सहीसकट.

भाऊसाहेबांना दाखवलं. ते वाचून म्हणाले, "बारा फार झाले. सहा कर. बारा म्हटलं तर तुलाच काढतील आणि तुझ्या जागी आणखी कुणी शिकलेला आणतील."

मी सहा केले. खाली त्यांनीही सही केली.

मालकांनी तो कागद वाचला, चेहरा पडला. "म्हणजे चार दिवसांचं काम संशयास्पद?" ते म्हणाले. त्यांना घाम फुटला. रमणसाठी तो फुटला नव्हता. दुपारचं काम त्याच दिवशी बंद झालं, आणि ते चार दिवसांचं बिनचूक काम आम्ही पहाटे उठून पुन्हा केलं.

रमण पावसाळ्यानंतर परत आला. पण चालताना झोक जायचा आणि जीभ किंचित जड झाली होती. स्टाफ त्याच्या हातात सरळ राहीना. उन्हाने डोक्यातलं काहीतरी कायमचं जाळलं होतं. भाऊसाहेबांनी त्याला माठाचं काम दिलं. पुढे प्रत्येक उन्हाळ्यात, पहाटे, लिंबाखाली उभा राहून तोच सगळ्यांना विचारायचा, "पेशाब केवो?" त्याला कुणी थट्टेत 'गंगाजळ' म्हटलं, तर तो हसत नसे.

माझ्या त्या खोट्या कागदाविषयी भाऊसाहेब पुन्हा एक शब्द बोलले नाहीत. मात्र त्यानंतर लिंबाखाली बसले की पहिला लोटा ते माझ्याकडे देत.

त्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. मीही निवृत्त झालो. त्यांच्यामागे मी मुख्य मोजणीदार होतो आणि शेवटपर्यंत दर उन्हाळ्यात अकरा वाजता क्षितिजाकडे बोट दाखवत राहिलो.

गेल्या मे महिन्यात आमच्या मांजलपूरच्या सोसायटीसमोर फ्लॅटच्या स्कीमचं काम सुरू झालं. दुपारी दोन वाजता गॅलरीतून पाहिलं तर मोजणी चालू. तरुण इंजिनिअर तंबूच्या सावलीत मशीनपाशी, आणि उन्हात एक माणूस चकाकत्या भिंगाची काठी धरून उभा. मी छत्री घेऊन खाली गेलो. इंजिनिअरला म्हणालो, "आत्ता बंद ठेवा, भाऊ. हवा नाचतेय."

मुलगा सभ्य होता. हसला आणि म्हणाला, "काका, ते जुन्या दुर्बिणीचं. ह्या मशीनला ऊन काही करत नाही."

माझ्याकडे दुसरं खोटं नव्हतं.

"आणि त्याला?" मी काठीवाल्याकडे बोट दाखवून विचारलं.

"त्याला काय, काका. सवय असते."

ऊन तुडवत त्या काठीवाल्यापाशी गेलो, छत्री त्याच्या डोक्यावर धरली आणि विचारलं, पेशाब केवो, चा जेवो के पाणी जेवो? तो आधी गोंधळला. मग तंबूकडे पाहिलं, मग माझ्याकडे. खाली बघत हळूच म्हणाला, "चा जेवो."

मी त्याच्या हातातली काठी काढून घेतली.